आजीला सांभाळायला रोबो येतोय म्हणे!

दर महिना-दोन महिन्यांनी ही बातमी व्हॉट्सॲपवर फिरतेच. सोबत फोटो: जपानी आजी आणि तिच्या मांडीवर सील माशाचं पांढरंशुभ्र पिल्लू. हा 'पारो'. ताकानोरी शिबाता या जपानी संशोधकाने बनवलेला. कुरवाळलं की मान वळवतो, हाक मारली की आवाज काढतो. अमेरिकेत किंमत साधारण ६००० डॉलर, म्हणजे आपले पाच लाख.

आपले लोक इथवरच छापतात. पुढचं मी सांगतो.

ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठाच्या वेंडी मॉयल आणि सहकाऱ्यांनी २८ केंद्रांतल्या स्मृतिभ्रंशाच्या ४१५ वृद्धांवर चाचणी केली. निष्कर्ष २०१७ मध्ये आले. एका गटाला पारो, दुसऱ्याला यंत्र बंद केलेला पारो, म्हणजे नुसतं खेळणं, आणि तिसऱ्याला नेहमीचीच देखभाल. चालू पारोशी म्हातारी माणसं जास्त बोलली, हे खरं. पण अस्वस्थता कमी करण्यात तो बंद खेळण्यापेक्षा सरस ठरला नाही!

दुसरा दाखला खुद्द जपानचा. जेम्स राइट या अभ्यासकाने तिथल्या वृद्धाश्रमात राहून पाहिलं. रोबोला हलवा, पुसा, त्याच्यावर लक्ष ठेवा. कर्मचाऱ्यांचं काम कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. त्यावर त्याचं २०२३ मध्ये पुस्तकही आलंय.

संशोधनावर माझा राग नाही. विद्यापीठवाल्यांनी जे दिसलं ते प्रामाणिकपणे मांडलं. राग आहे तो त्यातलं सोयीचं तेवढं उचलून "आता माणसांची गरज नाही" असं विकणाऱ्यांवर.

कारण गरज माणसांचीच आहे. आपल्या तालुक्यातली पोरं पुण्या-मुंबईला गेली. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचं अंग पुसणाऱ्या, त्यांना औषध देणाऱ्या मावशींना ना प्रशिक्षण, ना सुट्टी, ना धड पगार. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. आपल्या जिल्ह्यात तो कुठाय, हे पुढच्या पत्रकार परिषदेत पालकमंत्र्यांना विचारा की राव!

उद्या एखादा पुढारी वृद्धाश्रमात रोबोची फीत कापायला आला, तर फोटो जरूर काढा. पण रात्रपाळीला किती माणसं आहेत, तेही त्याच बातमीत छापा.