लाइपझिगच्या दोन मतदारसंघांनी बदललेले सॅक्सनीचे गणित

पूर्व जर्मनीतील सॅक्सनी राज्याच्या विधिमंडळासाठी १ सप्टेंबर २०२४ रोजी मतदान झाले, तेव्हा जर्मनीबाहेरच्या प्रसारमाध्यमांनाही एकाच प्रश्नाने घेरले होते. ‘अल्टरनेटिव्ह फॉर जर्मनी’ अर्थात एएफडी हा अतिउजवा पक्ष राज्यात पहिला क्रमांक पटकावणार काय, हा तो प्रश्न. प्रत्यक्षात ख्रिश्चन डेमोक्रॅट्सच्या सीडीयू पक्षाला ३१.९ टक्के आणि एएफडीला ३०.६ टक्के मते मिळाली. पहिला क्रमांक थोडक्यात हुकला आणि चर्चा तेथेच थांबली. त्या गदारोळात लाइपझिग शहरातील दोन मतदारसंघांचे निकाल मागे पडले. राज्याच्या पुढील पाच वर्षांच्या राजकारणावर मात्र याच दोन निकालांचा सर्वाधिक परिणाम झाला आहे.

हे दोन्ही मतदारसंघ ‘डी लिंके’ या डाव्या पक्षाने जिंकले. राज्यभरात या पक्षाला अवघी ४.५ टक्के मते पडली. जर्मनीत पाच टक्क्यांच्या आत राहणाऱ्या पक्षाला सभागृहाचे दार सहसा बंद असते. असे असूनही डी लिंकेचे सहा सदस्य ड्रेस्डेनच्या विधिमंडळात पोहोचले. हे कसे घडले, याचे उत्तर निवडणूक कायद्यातील एका छोट्या तरतुदीत आणि दक्षिण लाइपझिगच्या गेल्या काही वर्षांच्या इतिहासात आहे.

दोन मते, एक अपवाद

सॅक्सनीच्या विधिमंडळात साधारणतः १२० जागा असतात. प्रत्येक मतदाराला दोन मते असतात. पहिले मत मतदारसंघातील उमेदवाराला दिले जाते. असे ६० मतदारसंघ असून, भारतातील विधानसभेप्रमाणेच सर्वाधिक मते मिळविणारा उमेदवार निवडून येतो. दुसरे मत पक्षाच्या यादीला असते आणि सभागृहातील पक्षांचे बलाबल मुख्यतः या दुसऱ्या मतावरून ठरते. पक्षाने थेट जिंकलेल्या जागा त्याच्या एकूण वाट्यातून वजा होतात आणि उरलेल्या जागा यादीतून भरल्या जातात.

यादीतील वाटा मिळण्यासाठी किमान पाच टक्के मते आवश्यक असतात. या अटीला एकच अपवाद आहे. पक्षाने किमान दोन मतदारसंघ थेट जिंकल्यास पाच टक्क्यांची अट लागू होत नाही आणि त्याला दुसऱ्या मतांच्या प्रमाणात पूर्ण वाटा मिळतो. एकच मतदारसंघ जिंकला तर तेवढा एक सदस्य सभागृहात बसतो, यादी मात्र बाद होते. २०२४ मध्ये ग्रिम्मा परिसरातून विजयी झालेले मथियास बेर्गर हे ‘फ्री व्होटर्स’चे एकमेव सदस्य ठरले, ते याच नियमामुळे. डी लिंकेच्या बाबतीतही एक आणि दोन यांतील फरक म्हणजे एक सदस्य की सहा, असा होता.

एकरंगी नकाशातील एक ठिपका

जर्मनीच्या एकीकरणानंतर सॅक्सनी हा सीडीयूचा बालेकिल्ला बनला. कुर्ट बीडेनकोफ यांच्या नेतृत्वाखाली या पक्षाने १९९४ आणि १९९९ या दोन्ही निवडणुकांत साठपैकी साठ मतदारसंघ जिंकले. पूर्वीच्या कम्युनिस्ट सत्ताधाऱ्यांचा वारसा सांगणारा पीडीएस, म्हणजे आजच्या डी लिंकेचा पूर्वावतार, हा राज्यातील दुसरा मोठा पक्ष होता. २००४ मध्ये त्याला २३.६ टक्के मते मिळाली. मात्र ही मते राज्यभर विखुरलेली असल्याने त्यांचे रूपांतर थेट जागांत फारसे होत नव्हते. पाच टक्क्यांची चिंता नसल्याने पक्षालाही त्याची फिकीर नव्हती.

२०१४ मध्ये सीडीयूने ६० पैकी ५९ मतदारसंघ जिंकले. उरलेला एक होता ‘लाइपझिग २’, म्हणजे शहराचा दक्षिण भाग. तेथे डी लिंकेच्या युलियाने नागेल विजयी झाल्या. पक्षाला तेव्हा १८.९ टक्के मते असल्याने या विजयाचा जागांच्या हिशेबावर काहीही परिणाम झाला नाही. संपूर्ण राज्याच्या नकाशावरील एक वेगळा ठिपका, एवढेच त्याचे महत्त्व मानले गेले.

२०१९ मध्ये नकाशा पार बदलला. सीडीयूकडे ४१ मतदारसंघ राहिले, एएफडीने १५ जिंकले, हरित पक्षाला तीन मिळाले. डी लिंकेची मते १०.४ टक्क्यांवर घसरली. दक्षिण लाइपझिगची एक जागा तेवढी नागेल यांनी राखली. २०२४ मध्ये एएफडीने २८ आणि सीडीयूने २७ मतदारसंघ जिंकले. हरित पक्ष आणि डी लिंके यांना प्रत्येकी दोन, तर फ्री व्होटर्सना एक जागा मिळाली. तोपर्यंत मतदारसंघांची फेररचना होऊन नागेल यांच्या मतदारसंघाचा क्रमांक ‘लाइपझिग ४’ असा झाला होता. त्यांनी सलग तिसरा विजय मिळविला. शहराच्या पूर्व भागातील ‘लाइपझिग १’ मधून नाम दुय न्गुयेन हे नवे उमेदवार ३९.८ टक्के मते घेऊन विजयी झाले आणि दोनचा आकडा पूर्ण झाला.

दक्षिण लाइपझिगच का?

या मतदारसंघाच्या वेगळेपणाची मुळे १९९० च्या दशकात आहेत. एकीकरणानंतर कारखाने बंद पडले, रोजगारासाठी लोक पश्चिमेकडे गेले आणि लाइपझिगमध्ये हजारो घरे रिकामी पडली. कॉनेविट्झ या दक्षिणेकडील वस्तीतील पडक्या इमारतींमध्ये तरुण, कलावंत आणि डाव्या विचारांचे कार्यकर्ते राहू लागले. त्यांनी तेथे आपली सांस्कृतिक केंद्रे उभी केली. या वस्तीची दुसरी ओळख पोलीस आणि अतिडाव्या गटांतील चकमकींची आहे. जानेवारी २०१६ मध्ये दोनशेहून अधिक उजव्या गुंडांनी येथील दुकाने आणि उपाहारगृहांची मोडतोड केली होती.

पुढे शहराची घसरण थांबली आणि लोकसंख्या पुन्हा वाढू लागली. ती आज सहा लाखांच्या वर आहे. विद्यार्थी आणि नोकरदार तरुण आले, तशी घरभाडी वाढली आणि भाडेकरूंचा प्रश्न राजकारणाच्या केंद्रस्थानी आला. जुन्या पीडीएसचा मतदार मुख्यतः पूर्व जर्मन राजवटीत वाढलेला, वयस्क होता. तो वर्ग काळाच्या ओघात कमी झाला किंवा अन्य पक्षांकडे वळला. दक्षिण आणि पूर्व लाइपझिगमधील आजचा डावा मतदार तुलनेने तरुण, शहरी आणि भाड्याच्या घरात राहणारा आहे. म्हणजे पक्षाचे नाव तेच राहिले, त्याखालची जमीन बदलली.

या जमिनीची मशागत मात्र दीर्घकाळ झाली आहे. कॉनेविट्झमध्ये २००० सालापासून ‘लिंक्सनेट’ हे पक्षाचे खुले कार्यालय चालते आणि नागेल यांचे काम तेथूनच उभे राहिले. न्गुयेन यांची पार्श्वभूमी वेगळी आहे. त्यांचे आईवडील पूर्व जर्मनीच्या काळात व्हिएतनाममधून कंत्राटी कामगार म्हणून आले. त्यांचा स्वतःचा जन्म सॅक्सनीतील रीझा येथे झाला. त्यांच्या कार्यकर्त्यांनी प्रचारात हजारो घरांचे उंबरठे झिजवले. निवडून आल्यास दरमहा अडीच हजार युरोच स्वतःकडे ठेवण्याचे आश्वासनही त्यांनी दिले होते.

पक्षाला धोक्याची चाहूल आधीच लागली होती. झारा वागेनक्नेश्ट यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये पक्ष सोडून बीएसडब्ल्यू हा नवा पक्ष उभारला आणि जून २०२४ च्या युरोपीय निवडणुकीत सॅक्सनीत डी लिंके पाच टक्क्यांच्या खाली गेला. थेट जागांचा मार्ग पक्षाला नवाही नव्हता. २०२१ च्या संघीय निवडणुकीत ४.९ टक्के मते असताना तीन थेट जागांमुळेच हा पक्ष बर्लिनच्या संसदेत टिकला होता आणि त्यांपैकी एक जागा लाइपझिगचीच होती.

एका जागेचे मोल

या सहा सदस्यांचे महत्त्व समजण्यासाठी ‘एक तृतीयांश’ हा शब्द लक्षात घ्यावा लागेल. सॅक्सनीत राज्यघटनेत दुरुस्ती करणे, विधिमंडळ विसर्जित करणे आणि राज्याच्या घटनात्मक न्यायालयाचे न्यायाधीश निवडणे यांसाठी दोन तृतीयांश बहुमत लागते. १२० च्या सभागृहात ते ८० होते. म्हणजे ४१ सदस्य असलेला पक्ष एकट्याच्या बळावर हे निर्णय अडवू शकतो. निवडणुकीच्या रात्री जाहीर झालेल्या आकडेवारीत एएफडीला नेमक्या ४१ जागा होत्या. दुसऱ्या दिवशी संगणक प्रणालीत जागावाटपाची चुकीची पद्धत वापरली गेल्याचे उघड झाले आणि दुरुस्तीनंतर हा आकडा ४० वर आला.

लाइपझिगमधील दोनपैकी एक जागा जरी डी लिंकेच्या हातून गेली असती, तर पक्षाची यादी बाद झाली असती आणि तिचा वाटा उर्वरित पक्षांत विभागला गेला असता. त्याच टक्केवारीवरून हिशेब मांडला तर एएफडीचे संख्याबळ ४२ होते. राज्याच्या गुप्तवार्ता यंत्रणेने डिसेंबर २०२३ मध्ये ज्या प्रदेश शाखेला उजवी अतिरेकी ठरविले, तिच्या हाती नकाराधिकार आला असता.

सरकारच्या दृष्टीनेही हे सहाजण निर्णायक ठरले. बीएसडब्ल्यूबरोबरची बोलणी फिसकटल्यावर सीडीयूच्या ४१ आणि सोशल डेमोक्रॅट्सच्या १० सदस्यांचे अल्पमतातील सरकार बनले. १८ डिसेंबर २०२४ रोजी मिशाएल क्रेट्शमर दुसऱ्या फेरीत ६९ मतांनी मुख्यमंत्रिपदी निवडून आले, याचा अर्थ १८ मते आघाडीबाहेरून आली. २०२५ च्या जूनमध्ये दोन वर्षांचा अर्थसंकल्प हरित पक्षाचे सात आणि डी लिंकेचे सहा सदस्य यांच्या साथीने मंजूर झाला. बहुमतासाठी ६१ मते हवी होती. डी लिंकेला वगळले तर बेरीज ५८ वरच थांबते. सीडीयूने २०१८ च्या ठरावाने डी लिंकेशी सहकार्य निषिद्ध ठरविले आहे, हे पाहता यातील विसंगती लपत नाही.

न्याय कोणता?

ही तरतूद न्याय्य आहे काय, असा आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. २०१९ मध्ये याच राज्यात उदारमतवादी एफडीपीलाही ४.५ टक्केच मते पडली होती. ती विखुरलेली असल्याने त्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. त्याआधी २०१४ मध्ये अतिउजवा एनपीडी पक्ष सुमारे आठशे मतांनी पाच टक्क्यांपासून वंचित राहिला आणि सभागृहाबाहेर फेकला गेला. मतांचे प्रमाण जवळपास सारखे असताना एकाला सहा जागा आणि दुसऱ्याला शून्य, हे प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या तत्त्वात सहज बसत नाही.

दुसऱ्या बाजूने असे म्हणता येते, की एखाद्या भागातील जनतेने ज्या पक्षावर स्पष्ट विश्वास दाखवला, त्याला किरकोळ म्हणून बाहेर ठेवणे अधिक धोक्याचे आहे. संघीय पातळीवर ही तरतूद रद्द करण्याचा प्रयत्न २०२३ मध्ये झाला होता. जुलै २०२४ मध्ये घटनात्मक न्यायालयाने अशा सवलतीविना पाच टक्क्यांची अट घटनाबाह्य ठरविली आणि नवा कायदा होईपर्यंत ती सवलत कायम ठेवली.

दक्षिण लाइपझिगच्या मतदाराने २०१४ आणि २०१९ मध्ये डी लिंकेला दिलेले पहिले मत जागांच्या हिशेबात निरर्थक होते. पक्ष मोठा होता तेव्हा त्या मताला किंमत नव्हती. पक्ष राज्यभर आक्रसला तेव्हा त्याच मतावर सभागृहाचा समतोल अवलंबून राहिला. मात्र ज्या पक्षाचे अस्तित्व एका शहरातील दोन जागांवर टिकते, त्याने ग्रामीण सॅक्सनी जवळजवळ गमावली आहे, हेही तितकेच खरे. सॅक्सनीची पुढची नियमित निवडणूक २०२९ मध्ये आहे. तोवर लाइपझिगबाहेर पाय रोवता आले नाहीत, तर पक्षाचे भवितव्य पुन्हा याच दोन मतदारसंघांच्या हाती राहील.