खांद्याच्या ओळींत कोपर

दिवाळीच्या सुटींत आम्ही हदगांवास आप्तांकडे गेलों होतों. घरांतील बारा वर्षांचा चिरंजीव शाळेच्या बेसबॉल-संघांत चेंडू फेकतो. रात्रीं पानावर बसल्यावर वरणाची वाटी उचलतांना त्याचा चेहरा कसनुसा झाला. विचारतां "कांहीं नाहीं" म्हणून त्यानें वेळ मारून नेली. कारण जिल्ह्याचे सामने पंधरा दिवसांवर आले होते.

सकाळीं मैदानावर गेलों, तों दुखण्याचें मूळ दिसलें. हा मुलगा क्रिकेटवर वाढलेला. तेथें चेंडू टाकतांना गोलंदाजाचें कोपर 15 अंशांहून अधिक सरळ झालें तर तो दोष ठरतो; बेसबॉलांत उलट कोपर सुमारें काटकोनांत वांकवूनच फेक होते. या दोहोंच्या मध्यें याचा हात अडकला होता. डावा पाय पुढें टेकला तरी कोपर खांद्याच्या ओळीखालीं लोंबलेलेंच! मग मागें राहिलेला हात घाईनें ओढावा लागे, आणि सारा ताण कोपराच्या आंतल्या बाजूवर येई. या वयांत तेथील हाडाचें टोंक अद्याप कूर्चेनेंच जोडलेलें असतें. रोजच्या ओढीनें तीच जागा प्रथम दुखावते.

दोष दिसतो हातांत, पण पुष्कळदां असतो पायांत. पाऊल आडवें पडलें, किंवा कमरेआधीं खांदे वळले, कीं हात मागें राहतो. म्हणून "कोपर वर घे" असें नुसतें ओरडून भागत नाहीं. मूल मग कोपर कानापर्यंत नेतें, आणि तेंही अपायकारकच. दुखणें पूर्ण थांबल्यावर, चेंडू न घेतां, आरशासमोर सावकाश पाऊल टाकवावें. पाऊल टेकतांच थांबवून पाहावें, कीं दोन्ही खांदे व कोपर एका ओळींत आले कीं नाहीं. तें अंगवळणीं पडल्यावर जवळून हलकी फेक, आणि मगच पूर्ण अंतर.

मोजदादही हवी. अमेरिकेंतील मार्गदर्शक नियमांप्रमाणें 11-12 वर्षांच्या मुलानें एका दिवशीं सामन्यांत 85 हून अधिक चेंडू फेकूं नयेत, आणि 66 किंवा अधिक फेकल्यास चार दिवस विश्रांति घ्यावी. तेथेंच 1974 सालीं टॉमी जॉन या नामांकित खेळाडूच्या कोपरांतील फाटलेल्या बंधाच्या जागीं डॉ. फ्रँक जोब यांनीं त्याच्याच दुसऱ्या हातांतील स्नायुबंध बसविला. तो 1976 सालीं पुन्हां मैदानांत उतरला खरा. पण 1975 चा सबंध हंगाम त्याला घरीं बसावें लागलें.

आम्हीं हें वडिलांच्या कानावर घातलें. "एवढे सामने होऊं द्या, मग पाहूं," ते म्हणाले. तेव्हां आजींनीं आंतूनच निकाल दिला, "दुखऱ्या बैलाला कुणी औताला जुंपतं का रे?" डॉक्टरांनींही हात पाहून कांहीं आठवडे फेक बंद करविली.

सामन्यांच्या दिवशीं चिरंजीव बाकावर बसून संघाचे गुण मांडीत होते, तेंही फुगून! परंतु परवां कळलें, वाटी आतां न कण्हतां उचलली जाते, आणि रोज सायंकाळीं आरशासमोर पाऊल टाकण्याचा सराव चालू आहे.