तारीख पुसून कृती पुन्हा करू नका

परफॉर्मन्स आर्ट म्हणजे कलावंताने प्रेक्षकांसमोर, स्वतःच्या देहाने केलेली कृती. चित्र भिंतीवर राहते. ही कृती मात्र संपते. मग संग्रहालयांनी ती पुन्हा करून दाखवावी का? माझे उत्तर 'होय' आहे, पण एका अटीवर.

योको ओनो यांनी 1964 मध्ये क्योटोत 'कट पीस' सादर केले. त्या स्तब्ध बसल्या आणि प्रेक्षक एकेक करून त्यांचे कपडे कातरत गेले. 2003 मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांनी तेच पॅरिसमध्ये शांततेसाठी पुन्हा केले. कृती जुनी, अर्थ नवा. मरिना अब्रामोविच यांनी 2005 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात सलग सात रात्री सादरीकरण केले. त्यातील पाच कृती इतर कलावंतांच्या होत्या. मूळ कलावंताची परवानगी घ्यावी, हा त्यांचा आग्रह होता.

आपल्याकडे हा प्रश्न रुम्माना हुसेन यांच्या बाबतीत अधिक अवघड होतो. 1995 मध्ये मुंबईच्या एनसीपीएत त्यांनी 'लिव्हिंग ऑन द मार्जिन्स' सादर केले. पायांत घुंगरू, हातात कापलेली पपई, तोंड उघडे, पण आवाज नाही. बाबरी मशीद पाडली गेली, मुंबईत दंगली झाल्या, त्यानंतर त्यांची कला पालटली होती. 1999 मध्ये त्या गेल्या. वारस सही देऊ शकतील, पण कृतीमागची वेदना सहीने हस्तांतरित होत नाही.

उद्या कोणी ही कृती पुन्हा केली, तर करणारी मुसलमानच असावी असा माझा हट्ट नाही. या शहराची जखम कुणा एका समाजाची नाही. अट एवढीच, की पाटीवर नुसते 'अस्मिता' आणि 'स्त्रीदेह' असे गुळगुळीत शब्द नकोत. 6 डिसेंबर 1992 ही तारीख लिहा. श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलेले मुंबई दंगलींतील 900 मृत्यू लिहा. हे लिहायची हिंमत नसेल, तर कृती करूच नका; छायाचित्रे पुरेत.

चारचौघांत उभी राहून बोलणारी बाई आपल्यातल्याही काहींना खुपते. त्यांनीही ही कृती जरूर पाहावी. संग्रहालयाने प्रसंग लपवू नये आणि आपण बाई लपवू नये.