साठेखत, वाढते भाव आणि न्यायालयाचा विवेक

चेन्नईहून बंगळुरूकडे जाणाऱ्या महामार्गावर श्रीपेरुंबुदूर लागते. रामानुजाचार्यांचे जन्मस्थान असलेल्या या गावाचे रूप १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पालटले. जवळच इरुंगट्टुकोट्टै येथे ह्युंदाईचा कारखाना उभा राहिला, पाठोपाठ इतर उद्योग आले आणि भातखाचरांच्या भावाचा पिकाशी संबंध उरला नाही. अशा ठिकाणी साठेखत झाल्यानंतर विकणारा मागे फिरला, तर न्यायालयाने त्याला खरेदीखत करून देण्यास भाग पाडावे काय? वाद चालू असताना जो भाव वाढतो, तो कोणाच्या पदरी पडावा?

केवळ साठेखताने जमिनीत हक्क निर्माण होत नाही, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ सांगते. खरेदीदाराच्या हाती असतो तो करारपूर्तीचा दावा. तो मान्य करण्याचा अधिकार इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयांकडून आपल्याकडे आला आणि १८७७ च्या कायद्यात, पुढे १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टमध्ये, तो न्यायालयाच्या विवेकावर सोपवला गेला. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्यामागचे गृहीतक महत्त्वाचे वाटते: जमिनीचा भाव स्थिर असतो, म्हणून थोडा विलंब क्षम्य आहे.

हे गृहीतक सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तपासले, तेही श्रीपेरुंबुदूरच्या शेजारच्या चेंगलपट्टू भागातील जमिनीच्या दाव्यात. शारदामणी कंदप्पन प्रकरणातील करार जानेवारी १९८१ चा होता. किंमत ३ लाख ७५ हजार रुपये. १ लाख आगाऊ आणि उरलेली रक्कम ठरलेल्या तारखांना, तीन हप्त्यांत. हप्ते चुकले आणि खरेदीदाराचा दावा अखेर फेटाळला गेला. स्थावर मालमत्तेत मुदत हा कराराचा गाभा नसतो, हे तत्त्व भाव स्थिर असतानाचे असून त्याचा फेरविचार व्हायला हवा, असे न्यायालयाने त्या वेळी नमूद केले.

मुंबईतील निर्मला आनंद प्रकरणात न्यायालयाने दुसरा मार्ग काढला. १९६६ मध्ये ६० हजार रुपयांना ठरलेल्या सदनिकेचा निकाल २००२ मध्ये लागला. खरेदीदार महिलेला सदनिका मिळाली, पण तिने आणखी ४० लाख रुपये द्यावेत, या अटीवर. दोन्ही निकालांमागे विवेकाधिकारच होता.

२०१८ च्या दुरुस्तीने तोच काढून घेतला. १ ऑक्टोबर २०१८ पासून कलम १० नुसार, कायद्यातील अपवाद वगळता, करारपूर्तीचा आदेश देणे न्यायालयावर बंधनकारक आहे. उद्योगसुलभता आणि करारांना निश्चितता, हा त्यामागचा हेतू. तो योग्यच आहे. मात्र विवेकाधिकाराचे जुने कलम २० गेल्यावर अतिरिक्त रकमेची अट कोणत्या आधारावर घालायची, हे स्पष्ट उरलेले नाही. आपण सदैव तयार व इच्छुक होतो, हे खरेदीदाराने सिद्ध करण्याची कलम १६ ची अट मात्र कायम आहे. माझ्या मते यापुढे सारा भार या एका अटीवर येईल.

महसूल प्रशासनात असताना मी पाहिलेली अनेक साठेखते प्रत्यक्षात जमिनीच्या भावावर लावलेली पैज होती. थोडा विसार द्यायचा, मुदत टळू द्यायची आणि भाव चढला की न्यायालयात जायचे. दाव्यासाठी सामान्यतः तीन वर्षांची मुदत असतेच. उलट, आयुष्याची पुंजी विसारात गुंतवलेला सामान्य खरेदीदार विकणाऱ्याच्या लोभाने नागवला गेल्याचेही मी पाहिले आहे. कायद्याने या दोघांना ओळखता आले पाहिजे.

त्यासाठी तीन गोष्टी कराव्यात. दावा दाखल करतानाच उरलेली रक्कम न्यायालयात जमा करण्याची अट असावी. साठेखताची नोंदणी सर्व राज्यांत बंधनकारक व स्वस्त करावी. तमिळनाडूने बंधन घातले, पण अशा दाव्यात अनोंदणीकृत साठेखतही पुरावा म्हणून चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्याच राज्यातील प्रकरणात स्पष्ट केले. आणि विलंब खरेदीदाराचा असेल, तर वाढीव किमतीचा वाटा विकणाऱ्याला देण्याचा अधिकार संसदेने न्यायालयाला स्पष्ट शब्दांत द्यावा.

अशा दाव्यांचा निकाल बारा महिन्यांत, फार तर अठरा महिन्यांत लावावा, असेही २०१८ ची दुरुस्ती सांगते. ही मुदत खरोखर पाळली गेली, तर भाववाढीचा प्रश्न बराचसा आपोआप सुटेल. ती पाळली जात नाही तोवर, विवेकाविना दिलेला आदेश श्रीपेरुंबुदूरच्या शेतकऱ्याला न्याय वाटणे कठीण आहे.