पंढरीचा दगडी पूल आणि आपली जबाबदारी

दर पावसाळ्यात एकच बातमी छापून येते : पंढरपूरचा जुना दगडी पूल पाण्याखाली गेला. वाचणारास वाटते, पूल टाकाऊ झाला. आमचे म्हणणे निराळे आहे. ठेंगणा पूल पुरात बुडतो यात नवल नाही. उजनीचे पाणी भीमेने येते, वीर धरणाचे नीरेने येते. नरसिंगपुरास दोन्ही एक होतात आणि तो लोंढा पंढरीत उतरतो. ओसरल्यावर पूल जागेवर आहे की नाही, हेच पाहावयाचे.

असले पूल साहेबाच्या नावाने ओळखले जातात. पण खाणीतून दगड वडाराने काढला, टाकीने पाथरवटाने घडविला, चुनखडी लोणाऱ्याने भाजली आणि घाणीत चुना मळावयास बैल शेतकऱ्याचे जुंपले. कमानीचा दगड पाचरीसारखा घडवावा लागतो. वरून भार आला की दगड एकमेकांस अधिकच घट्ट धरतात. ही विद्या पोथीत नव्हती, हातांत होती. जोतीराव फुल्यांनी १८६० नंतरच्या दशकात मुळा-मुठेवरील धरणास बांधकामाचा माल पुरविला होता. या हातांची किंमत त्यांस पुस्तकातून शिकावी लागली नाही.

पण दगड टिकला म्हणून पूल टिकतो असे नाही. पुलाचा जीव पायात. पायाजवळची वाळू गेली की पूर तळ खरवडतो. महाडजवळचा सावित्रीवरील १९२८ चा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला, एस. टी. च्या दोन गाड्या उतारूंसह नदीत गेल्या. त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. आम्ही विचारतो, माणसे मेल्यावर जी त्वरा सुचते, ती आधी पाहणी करताना का सुचत नाही?

आणि नवे तेवढे पक्के हाही भ्रमच. १४ ऑक्टोबर २०२० रोजी पंढरपुरातच कुंभार घाटाची नवी भिंत कोसळून सहा जीव गेले.

म्हणून सरकारपाशी आमचे मागणे साधे आहे. दरेक पुरानंतर पाण्याखालचा पाया तपासावा व अहवाल मराठीत गावोगाव लावावा. सांध्यांत उगवलेले पिंपळ मुळासकट काढावेत. किती वजनाची गाडी पुलावर न्यावी, याची पाटी लावावी.

बंधुभगिनींनो, आपल्याकडेही बोट वळते. भीमेची वाळू रात्री उपसणारा दर वेळी परका नसतो. पुष्कळदा तो आपल्याच आळीतला असतो आणि आपण चार पैशांसाठी गप्प बसतो. पुलावर पाणी असता गाडी घालणाराही आपलाच. वाळूउपशाविरुद्ध ग्रामसभेत ठराव करा व तो पाळा. आजोबांनी घाम गाळून बांधलेले नातवांनी उकरून खावे, ही लाजेची गोष्ट होय.