फूट कोणी पाडली?

ओझरहून मुंबई-आग्रा महामार्गाने एका दिशेस गेले की नाशिक लागते व नाशिकच्या पलीकडे गोदाकाठची आनंदवल्ली. दुसऱ्या दिशेस गेले की चांदवड. आनंदवल्ली ही रघुनाथरावांच्या आनंदीबाईंची. चांदवडचा रंगमहाल होळकरांचा, म्हणजे लोकांच्या लेखी अहिल्याबाईंचा. एकीचे नाव निघाले की शाळकरी पोरही 'ध चा मा' म्हणून मोकळे होते. दुसरीच्या नावाआधी 'पुण्यश्लोक' हे विशेषण आपोआप उच्चारले जाते. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ साली झाला, त्याचा दोष रामशास्त्र्यांनी दिला तो रघुनाथरावांना. अक्षरबदलाचा अस्सल कागद आजवर पुढे आलेला नाही. तरीही लोकस्मृतीत शिक्षा भोगते आहे ती बायको. राज्यकारभारात हात घालणाऱ्या स्त्रीसाठी आमच्या समाजाने दोनच जागा राखून ठेवल्या आहेत, एक देव्हाऱ्यात व एक आरोपीच्या पिंजऱ्यात. जी माणसासारखी चुकते, माणसासारखी लढते आणि कारभारही नेटाने करते, तिला बसवावयाचे कोठे, हे आम्हांला ठाऊकच नाही.

अशी एक स्त्री म्हणजे महाराणी ताराबाई. 'ताराबाईने शिवाजी महाराजांचे राज्य फोडले' हे वाक्य आम्ही व्याख्यानांतून अनेकदा ऐकले आहे. मध्यंतरी ते एका वर्षस्मरणाच्या मिस्सेनंतर, जेवणाच्या पंगतीत, एका ख्रिस्ती गृहस्थाच्या तोंडून ऐकले. गृहस्थांना इतिहासाशी काही कर्तव्य नव्हते. नात्यातील एका तरुण विधवेने दिवंगत पतीच्या जमिनीतील आपला वाटा विचारला होता, तिच्यावर झाकण घालण्यासाठी त्यांना महाराणी आठवली होती. बाईच्या हाती कारभार गेला की घराला दोन दारे होतात, असा त्यांच्या बोलण्याचा निष्कर्ष. पंगतीतील चारसहा माना डोलल्या. त्या मानांसाठी हा लेख आहे.

आधी इतिहास पाहू. मराठ्यांच्या गादीला पहिली चीर पडली ती १६८० साली. महाराज निवर्तल्यावर रायगडावर काही मुत्सद्द्यांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसविले. वडील पुत्र संभाजी महाराज पन्हाळ्यावर होते. त्या वेळी सरसेनापती हंबीरराव मोहित्यांनी आपल्या सख्ख्या बहिणीच्या, सोयराबाईंच्या मुलाचा पक्ष न घेता संभाजी महाराजांचा पक्ष घेतला. या हंबीररावांची कन्या ताराबाई तेव्हा पाच वर्षांची होती. पाच वर्षांच्या मुलीने राज्य फोडले असे म्हणण्याची कोणाची तयारी असल्यास आमचे म्हणणे संपले.

पुढे १६८९ मध्ये संभाजी महाराजांची क्रूर हत्या झाली, रायगड पडला, येसूबाई व बाळ शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज जिंजीस निघून गेले. सरदारांनी मोगलांस मिळू नये म्हणून त्यांना वतने व सरंजाम द्यावे लागले, आणि ज्याला वतनाने बांधले तो अधिक वतन देणाऱ्याकडे जाण्यासही मोकळा झाला. संताजी घोरपडे व धनाजी जाधव या दोन अजोड सेनानींचे वैर इतके विकोपास गेले की १६९७ मध्ये संताजींचा अंत मराठ्यांच्याच हातून झाला. ही सारी कर्त्या पुरुषांची कर्तबगारी. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले, तेव्हा पंचवीस वर्षांच्या विधवेच्या हाती आला तो हा असा भेगाळलेला वाडा. पदरी चार वर्षांचा मुलगा शिवाजी. सवत राजसबाई, तिचा मुलगा संभाजी त्याहूनही लहान. आणि समोर स्वतः औरंगजेब बादशहा, साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसलेला.

त्यानंतरच्या सात वर्षांविषयी आमचे वक्ते घाईने बोलतात. त्यांना १७०७ ची घाई असते. आम्हांला नाही. साताऱ्याचा किल्ला १७०० त गेला, पन्हाळा १७०१ त, विशाळगड १७०२ त, सिंहगड १७०३ त, राजगड व तोरणा १७०४ त. नुसती यादी वाचली तर हा पराभवच वाटेल. परंतु हे किल्ले गेले कसे, ते पाहावे. प्रत्येक किल्ल्यापुढे बादशहाची प्रचंड छावणी महिनोन्‌महिने अडकून पडे. किल्लेदार शक्य तितके झुंजत आणि अखेर पुष्कळदा रोख रक्कम मोजून घेऊन किल्ला रिकामा करीत. मोगलांचा खजिना आटत गेला. विशाळगड घेऊन परतणाऱ्या मोगली फौजेचे सह्याद्रीच्या पावसाने जे हाल केले ते त्यांच्याच बखरकारांनी लिहून ठेवले आहेत. बादशहा डोंगरात गुंतलेला असताना मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात शिरत होत्या, १७०६ मध्ये गुजरातेत मोगलांना धूळ चारीत होत्या. गेलेले पुष्कळसे किल्ले १७०७ पर्यंत परतही आले. मोगल पक्षाचा इतिहासकार खाफीखान या स्त्रीचा शत्रू. पण तिची बुद्धी, तिचा राज्यकारभाराचा व लष्करी बाबींचा वकूब त्याने मान्य केला आहे. शत्रूने दिलेले प्रशस्तिपत्र घरच्यांनी फाडावे, हे आमचे वैशिष्ट्य! औरंगजेब १७०७ च्या प्रारंभी अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, मरण पावला. दक्खन जिंकावयास आलेला बादशहा दक्खनेतच संपला, आणि त्याच्याशी झालेल्या झुंजीची अखेरची सात वर्षे एका तरुण विधवेच्या नेतृत्वाखाली गेली.

आता फुटीकडे वळू. त्याच वर्षी मोगलांनी शाहू महाराजांना सोडले. दयेने सोडले काय? मराठ्यांच्या घरात दोन वारस उभे राहावेत व त्यांनी परस्परांत लढावे, हाच त्यातील डाव होता, हे बहुतेक इतिहासकारांना मान्य आहे. ताराबाईंनी शाहूंना तोतया म्हटले. हे म्हणणे खोटे होते आणि आम्ही त्याचे समर्थन करणार नाही. पण त्यांचे दुसरे म्हणणे कोणी ऐकून घेत नाही. जुने राज्य संभाजी महाराजांबरोबर गेले. पुढे जे उभे राहिले ते माझ्या पतीने नव्याने कमावले, तेव्हा त्यावर माझ्या मुलाचा हक्क आहे, असा त्यांचा दावा होता. दावा चुकीचा ठरवा, पण तो दावा होता, चळ नव्हता. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंकडे गेले आणि पारडे फिरले. निष्ठा बदलणाऱ्या सेनापतीस आम्ही मुत्सद्दी म्हणतो. निष्ठा न बदलणाऱ्या आईस हट्टी म्हणतो.

पुढे १७१४ मध्ये पन्हाळ्यावर राजसबाईंच्या पक्षाने ताराबाई व त्यांच्या मुलास कैद करून संभाजींना गादीवर बसविले. मग १७३१ मध्ये शाहू महाराज व हे संभाजी या दोन चुलतभावांनी वारणेचा तह केला आणि सातारा व कोल्हापूर अशा राज्याच्या दोन वाटण्या कायम केल्या. गंमत पाहावी: दोन पुरुषांनी राज्य वाटून घेतले तर तो 'तह', एका स्त्रीने आपला भाग धरून ठेवला तर ती 'फूट'.

महाराणी निर्दोष होत्या, असे आमचे म्हणणे नाही. शाहू महाराजांच्या पश्चात ज्या रामराजास त्यांनी आपला नातू म्हणून पुढे आणले, त्यालाच १७५० मध्ये साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले आणि हा आपला नातू नव्हेच असेही सांगितले. सत्तेचे व्यसन वृद्धापकाळीही सुटले नाही. पानिपताचा आघात पाहून डिसेंबर १७६१ मध्ये त्या वारल्या, वय शहाऐंशी. या दोषांचा हिशेब अवश्य मांडावा. मात्र तोच ताजवा रघुनाथरावांना लावावा, वतनासाठी मोगलांकडे गेलेल्या सरदारांना लावावा, आणि मग निकाल द्यावा.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्या कुटुंबांना तर ही गोष्ट नवी नसावी. देवाच्या निवडलेल्या लोकांचे राज्य कोणी फोडले? राजांच्या पहिल्या ग्रंथाचा बारावा अध्याय उघडावा. शलमोनाचा पुत्र रहबाम याने वडीलधाऱ्यांचा सल्ला झुगारला, सोबतीच्या तरुणांचे ऐकून लोकांवरील जोखड अधिक जड करण्याची धमकी दिली, आणि दहा वंश त्याला सोडून गेले. पुरुषांना राज्य करता येत नाही, असा निष्कर्ष त्यावरून आजवर एकाही प्रवचनकाराने काढलेला नाही. अथल्या राणीचे क्रौर्य मात्र सर्वांच्या ध्यानात राहते, आणि विखुरलेल्या वंशांना लढ्यासाठी हाक देणारी, जिच्याशिवाय रणात जाण्यास सेनापती बाराक तयार नव्हता, ती दबोरा सोयीस्करपणे मागे पडते. संत पौलाचे स्त्रियांनी गप्प बसण्याविषयीचे वचन पाठ असणाऱ्यांना रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायातील फीबीचे नाव विचारून पाहावे.

संत एलिझाबेथ हंगेरीची. नाव आमच्या कितीतरी मुलींना दिलेले असते. ही राजकन्या १२२७ साली, विसाव्या वर्षी, तीन मुलांसह विधवा झाली. पतीच्या भावाच्या हाती सत्ता गेली आणि तिला वाडा सोडावा लागला. स्त्रीधनासाठी तिला झगडावे लागले, तेव्हा कोठे त्याचा मोबदला मिळाला, तो तिने मारबुर्ग येथे रुग्णालय उभारण्यात वेचला. १७ नोव्हेंबरला तिचा सण असतो. तिच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावणाऱ्यांनी आठवावे की वाटा सोडून दिल्यामुळे ती संत झाली नाही. वाटा मिळवून तो गरिबांवर खर्च केल्यामुळे झाली.

आता पंगतीतील त्या गृहस्थांच्या मूळ मुद्द्याकडे येऊ. ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू आहे. मृत्युपत्र न करता पती वारला आणि मागे मुले असली, तर एकतृतीयांश वाटा विधवेचा. उरलेले दोनतृतीयांश मुलांचे, मुलगा व मुलगी यांत भेद न करता. मुले नसून इतर नातलग असतील तर निम्मी मिळकत विधवेची. त्रावणकोरच्या ख्रिस्ती स्त्रियांना हा कायदा लागू करून घेण्यासाठी मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले व १९८६ मध्ये निकाल मिळाला. आमच्या महाराष्ट्रात तो आधीपासून लागू आहे, आणि तरीही निफाड तालुक्यातील द्राक्षबागांच्या सातबाऱ्यावर पतीच्या मागे दिराचे नाव चढते व सुनेपुढे हक्कसोडपत्र सरकवले जाते. 'घर एक राहावे' म्हणून सही कर, असे तिला सांगतात. म्हणजे घर एक राहण्याची किंमत तिने द्यावयाची आणि ते एक राहिल्याचा मान इतरांनी घ्यावयाचा.

वाटणी म्हणजे फूट नव्हे. हे ओझरकरांना तरी बाहेरच्याने शिकवावे लागू नये. बापू उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्राच्या कार्यकर्त्यांनी १९९० च्या दशकारंभी वाघाड धरणाच्या पाण्यासाठी शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. मोजून पाणी घ्यावयाचे, पट्टी भरावयाची, शेवटच्या शेतालाही पाळी मिळावयाची. त्या वाटपाने शेतकरी दुभंगले नाहीत. कालव्याच्या तोंडाशी बसणाऱ्याची मक्तेदारी तेवढी गेली. पाणी मोजून वाटणाऱ्या गावाला जमीन मोजून वाटताना हात का कापावा?

आणि ही मक्तेदारी केवळ शेतातच आहे काय? वेदीवरची फुले, सणाचा प्रसाद, आजाऱ्यांच्या भेटी, मुलांचा धर्मशिक्षणवर्ग, हे सारे धर्मग्रामातील भगिनींच्या हाती आनंदाने सोपवले जाते. पैशाचा हिशेब निघाला की टेबलाभोवती पुरुष बसतात. ख्रिस्तसभेच्या विधिसंहितेतील ५३७ वे कलम प्रत्येक धर्मग्रामाला अर्थसमिती असावी असे बंधन घालते. तिच्यावर पुरुषच असावेत असे त्यात कोठेही नाही. वाचक व वेदीसेवक या सेवा पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये स्त्रियांसाठी खुल्या केल्या. रोमहून आलेला बदल आमच्या सभागृहाच्या उंबऱ्यावर अडावा, असे त्यात काय आहे?

येत्या नोव्हेंबरात मृतांच्या स्मरणार्थ मिस्साविनंती घेऊन कुटुंबे येतील. नावे लिहून घेताना आम्ही प्रत्येक घराला आणखी एक प्रश्न विचारणार आहोत: गेलेल्याच्या सातबाऱ्यावर त्याच्या विधवेचे व मुलींचे नाव लागले काय? नसेल, तर वारस नोंदीचा अर्ज आमच्या कार्यालयात ठेवलेला असेल. तो भरण्यास मदत करणारा वकील मित्रही दर रविवारी मिस्सेनंतर तेथे बसेल.