विद्याला कुणी विचारलं?



'सत्या' हा सिनेमा ३ जुलै १९९८ रोजी पहिल्यांदा लागला, तेव्हा आपल्यापैकी काहीजणी शाळेत होत्या आणि काहीजणींचा जन्मही झाला नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये तो पुन्हा थिएटरात आला, त्यावर पुन्हा लिहून आलं, घराघरात बोलणं झालं. म्हणून मंडळाच्या खोलीत चादरीचा पडदा करून आम्ही तो एकत्र पाहिला. पाहून झाल्यावर जी वादावादी झाली, ती सिनेमापेक्षा लांबली. शेवटी चहाचं पातेलं दुसऱ्यांदा चढवावं लागलं. तिथे जे बोललं गेलं ते फक्त आमच्या खोलीत राहू नये, म्हणून हे संपादकीय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुठून आला हे कुणाला माहीत नाही असा एक तरुण, सत्या, मुंबईत येतो, तुरुंगात जातो आणि तिथे भिकू म्हात्रे नावाच्या टोळीवाल्याशी त्याची दोस्ती होते. मग खंडणी, खून, पोलीस, राजकारण. चाळीत सत्याच्या समोरच्या खोलीत विद्या राहते. वडील अंथरुणाला खिळलेले, तिला सिनेमात गायचंय. रामगोपाल वर्मा दिग्दर्शक, लेखन अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्ला यांचं. भिकूचं काम मनोज बाजपेयीने केलं आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विद्या आहे ऊर्मिला मातोंडकर आणि भिकूची बायको प्यारी आहे शेफाली शाह.

पहिलं मत अपेक्षित होतं. आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीने सरळ सांगितलं की असे सिनेमे दाखवूच नयेत. वस्तीतली पोरं यातून काय घेतात? समुद्राकाठच्या खडकावर उभं राहून आरोळी ठोकणारा भिकू घेतात. पुढे तो कसा मरतो हे कुणी घेत नाही. तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. गेली पंचवीसहून जास्त वर्षं ती आरोळी पोरांच्या तोंडी आहे, आणि त्याच सिनेमातली प्यारीची किंकाळी कुणाच्या लक्षात नाही.

दुसऱ्या बाजूला आमच्या गिरणगावातल्या मैत्रिणी. त्या म्हणाल्या, अगं, हे सगळं आम्ही पाहिलंय. हिंदी सिनेमातला गुंड तोवर पांढरा सूट घालून महालात राहायचा. हे लोक घामेजलेले, पावसात भिजलेले, गचाळ खोलीत पत्ते खेळणारे, एकमेकांना शिव्या देत हसणारे. म्हात्रे हे आडनावसुद्धा आपल्यातलंच. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत कधीच आत गेले नाहीत. त्या घरांतली मुलं नंतर कुठे गेली हे लालबाग-परळमध्ये कुणालाही विचारा. सगळी टोळ्यांत गेली असं नाही. बहुतेकांनी मिळेल ते काम धरलं, आणि त्यांच्या आयांनी खानावळी चालवून, घरकामं करून संसार ओढले. पण जी गेली, ती कुठून आली होती हे या बायकांना ठाऊक होतं. सिनेमा मात्र याबद्दल बोलत नाही. सत्याला गाव नाही, घर नाही, भूतकाळ नाही. वास्तववादी म्हणून गाजलेल्या सिनेमाचा नायक आभाळातून पडतो, हे मला आजही खटकतं.

आता भिकू आणि प्यारी. त्यांची हमरीतुमरी सुरू झाली की खोलीत हशा पिकला. मीही हसले. शेफाली शाहने ती बाई इतकी जिवंत उभी केली आहे की हसू येतंच. पण आमच्या सल्ला केंद्रात बसणारी मैत्रीण म्हणाली, "आपल्याकडे केस घेऊन येणारी बाईसुद्धा घरी अशीच ओरडते. तिथे आपण हसत नाही." मग प्रश्न निघाला की प्यारीला नवऱ्याचा धंदा ठाऊक आहे, पैसा कुठून येतो ते ठाऊक आहे, तर ती गुन्ह्यात सामील नाही का? यावर दोन तट पडले. एक तट म्हणाला, जिला उद्या नवरा घरी येईल की नाही याची खात्री नाही, तिच्याकडे नीतीचा हिशेब मागणारे आपण कोण? दुसरा म्हणाला, बाई म्हणून सूट देत गेलो तर तिला अजाणच ठरवतो आपण. यावर एकमत झालं नाही आणि होईल असं मला वाटतही नाही.

खरी ठिणगी पडली ती विद्यावरून.

शेवटी सत्या जखमी होऊन तिच्या दारात येतो आणि ती दार उघडत नाही. पोलिसांकडून तिला तो कोण हे नुकतंच कळलेलं असतं. आमच्यातल्या तरुण मुली हळहळल्या. एकदा तरी उघडायला हवं होतं, म्हणाल्या. वयाने मोठ्या बायका उलट बोलल्या. अख्ख्या सिनेमात या पोरीने स्वतःच्या मनाने केलेली ती एकच गोष्ट आहे, आणि तुम्ही तीही तिच्याकडून काढून घेता?

मी या दुसऱ्या बाजूची आहे. विद्याला गाण्याची संधी मिळते ती कशी, आठवा. संगीतकार तिला दारात उभी करत नाही, मग सत्याच्या सांगण्यावरून टोळी त्याला धमकावते आणि तिला काम मिळतं. गुलशन कुमार यांचा खून १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरीत झाला होता. 'सत्या' आला तेव्हा त्याला वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे संगीताच्या धंद्यातल्या अशा धमकीचा अर्थ प्रेक्षकांना समजावून सांगावा लागला नाही. विद्याला वाटतं, आपला आवाज आवडला. ती आनंदाने ही बातमी सांगते ती नेमकी ज्याने हे घडवलं त्यालाच. सिनेमा हे सत्याचं प्रेम म्हणून दाखवतो आणि आपणही ते तसंच पाहतो. मला तिथे चीड येते. तिच्या गळ्याचं मोल काय होतं हे आता तिला कधीच कळणार नाही. तिच्या नावावर एक धमकी जमा झाली आणि तिला कुणी विचारलंही नाही. पुढे ज्या दिवशी पोलीस आले, त्या दिवशी ते तिच्याच दारात आले.

हे फक्त टोळीवाल्यांचं नाही, मैत्रिणींनो. बहिणीला कुणी काही बोललं म्हणून भावाने मारामारी करायची आणि मग बहिणीचं कॉलेज बंद व्हायचं, हे आपण किती घरांत पाहिलंय? "तुझ्यासाठीच केलं" हे वाक्य आपल्या केंद्रात आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं.

आणखी एक सांगते. चाळीत राहिलेल्या आमच्या बायका एका मुद्द्यावर पोट धरून हसल्या. समोरच्या खोलीत कोण राहतो, रात्री किती वाजता येतो, त्याच्याकडे कोण लोक येतात, हे चाळीत कळणार नाही? नळावर दुसऱ्याच दिवशी चर्चा झाली असती! पण विद्याला सावध करायला एक शेजारीण येत नाही, मन मोकळं करायला एक मैत्रीण येत नाही. सिनेमाने चाळीच्या भिंती खऱ्या दाखवल्या आणि चाळीतल्या बायका गाळल्या. माझ्या मते, त्या नळावरच्या बायका गाळल्या म्हणूनच ही प्रेमकथा उभी राहू शकली.

यानंतर जे झालं त्याने खोली शांत झाली. सिनेमातला पोलीस आयुक्त चकमकींना मोकळीक देतो, त्या प्रसंगी काहीजणींनी टाळ्या वाजवल्या होत्या. एक बाई तोवर गप्प होती. ती म्हणाली, तिच्या माहेरच्या गल्लीतला एक मुलगा त्याच काळात चकमकीत गेला. तो टोळीत होता की नव्हता हे तिला आजही सांगता येत नाही. पण त्याची आई प्रेतासाठी दोन दिवस इस्पितळ आणि पोलीस ठाण्यात हेलपाटे घालत होती, आणि चाळीतलं कुणी सोबत गेलं नाही. तिने एवढंच सांगितलं.

तो काळ कसा होता हे कागदोपत्री आहे. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने दिलेल्या लढ्यात सर्वोच्च न्यायालयासमोर जो प्रश्न होता, तो १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या सुमारे ९९ चकमकी आणि त्यात मेलेल्या सुमारे १३५ माणसांचा. निकाल लागला २३ सप्टेंबर २०१४ रोजी. चकमकीत मृत्यू झाला तर गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पोलिसांनी करायचा, दंडाधिकाऱ्याची चौकशी व्हायची, नातेवाइकांना लवकरात लवकर कळवायचं. यातलं काही पाळलं गेलं नाही तर घरच्यांना सत्र न्यायाधीशाकडे तक्रार करता येते. वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्तीला हे तोंडपाठ हवं. कारण अशा वेळी ठाण्यात जाते ती बाईच असते, आणि बहुतेकदा ती एकटी असते.

तर 'सत्या' दाखवावा की नाही? ज्येष्ठ मैत्रीण अजून नाहीच म्हणते. मी म्हणते दाखवावा, पण मुलामुलींना एकत्र बसवून, आणि दिवे लावल्यावर कुणी लगेच घरी जायचं नाही या अटीवर. पुढच्या महिन्यात दोन वस्त्यांमध्ये तसं करून पाहणार आहोत. तुमच्या गटात पाहिलात, तर प्यारीबद्दल बायका काय बोलल्या आणि दारापाशी मुलगे काय म्हणाले ते जरूर लिहा. पोस्टकार्ड चालेल. पत्रं पुढच्या अंकात छापू, न पटणारी आधी.